मळ्याच्या तोंडाशी मोटर

यंदाच्या अंकाचा विषय ‘दार’ आहे असं संपादकांनी कळवलं. वाड्यांचे दिंडीदरवाजे, किल्ल्यांचे महादरवाजे, देवळांच्या चौकटी यांवर कुणी ना कुणी लिहिणारच होतं. मला जुन्नर तालुक्यातल्या मळ्यांची गेटं बघायची होती. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, खोडद या पट्ट्यात अलीकडे मळ्याच्या वाटेवर आपोआप उघडणारी गेटं दिसायला लागली आहेत. शहरात बंगल्याला असं गेट असलं तर कुणी वळूनही बघत नाही. इथे मात्र गेटच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला टोमॅटोच्या तारा-बांबू, समोरून शेणखताची ट्रॉली येतेय आणि खांबावर मोटरचा पिवळा दिवा लुकलुकतोय. हे यंत्र इथे कुणासाठी आलं आणि चिखल-धुळीत ते टिकतं कसं, ते बघायला गेले.

मळ्याला गेट हीच मुळात अलीकडची गोष्ट. आधी होता झोपा. बांबूच्या चौकटीत बाभळीच्या नाहीतर बोरीच्या काट्या दाबून बांधलेल्या, येताजाताना उचलून बाजूला करायचा आणि परत जागेवर टेकवायचा. कोकणात गडग्याच्या खिंडीत आडवे बांबू सरकवून बेडं करतात, त्याचंही काम तेच: गुरं आत येऊ नयेत. माणसाला अडवायचा दोघांचाही इरादा नव्हता. मग मळ्यावर पिकअप आली, बराखीत कांदा साठू लागला, विहिरीवरच्या केबली चोरीला जायला लागल्या आणि झोप्याच्या जागी लोखंडी गेट उभं राहिलं. गेटला कुलूप आलं. कुलूप आलं की गाडीतून उतरणं आलं, आणि तेही दोनदा: एकदा उघडायला, एकदा लावायला.

रात्री उतरायचं कुणी?

दिवसा या उतरण्याचं कुणाला काही वाटत नाही. खरी पंचाईत अंधार पडल्यावर.

कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं तसा हा तालुका उसाचा झाला. ऊस वर्षभर उभा असतो, आडसाली तर त्याहून जास्त. आत सावली, ओलावा, लपायला जागा. आणि बाहेर वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याला आणखी काय हवं? इथल्या मादीची पिल्लं उसातच जन्मतात. तोड सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो आणि जनावरं बांधाबांधाने फिरू लागतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, वनखात्याचे पिंजरे गावोगाव लागतात, तरी भीती जात नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात 2025 मध्ये बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जात असल्याच्या बातम्या राज्यभर झळकल्या होत्या. रात्रीच्या पाळीला पाणी भरायला जायचं नाही, वीज दिवसा द्या, ही मागणी इथे जुनीच आहे.

अशा मुलखात मळ्याचं गेट नेमकं उसाच्या तोंडाशी असतं. खोडदकडच्या एका मळ्यावर मालकांनी मला मोटर दाखवली तेव्हा आधी मुलीचं वेळापत्रक सांगितलं. ती नारायणगावला नोकरीला, सुटते सातला, घरी यायला आठ वाजतात. “ताई, चोरासाठी कुलूप पुरतं. ही मोटर पोरीला गाडीतून उतरायला लागू नये म्हणून लावली.”

हे पटण्यासारखं आहे, पण अर्धंच. सहा फुटी गेट बिबट्याला अडवत नाही, तो त्यावरून सहज जातो. चारचाकीत बसलेल्या माणसाला मोटरचा उपयोग पुरेपूर आहे. दुचाकीवरचा माणूस गेट सरकेपर्यंत उघड्यावरच उभा असतो. सोळा फुटांचं सरकतं गेट पूर्ण उघडायला पाव ते अर्धा मिनिट जातो. रिमोट तीसेक मीटरवरून चालत असेल तर तो लांबूनच दाबायचा आणि गाडी चालती ठेवायची, असं इथले तरुण करतात. माझ्या मते गेटच्या दोन्ही बाजूंचा ऊस काही फूट मागे घेणं आणि खांबावर भक्कम दिवा लावणं ही मोटरच्या आधी करायची कामं. ती स्वस्तही आहेत. पण उसाच्या चार ओळी सोडायला शेतकऱ्याचा हात धजत नाही.

आधी एका हाताने ढकला

गेटचं काम करणारा फॅब्रिकेशनवाला पिकअपमधून उतरला, तेव्हा मोटरचा खोका पिकअपमध्येच होता. त्याने आधी गेटला एका हाताने ढकललं. जरा सरकलं, मग अडलं. त्याने दोन्ही हातांनी रेटलं, सुटलं, पुन्हा अडलं. “काका, याला आज मोटर लागायची नाही.” मालकांचा चेहरा पडला. पुढचा बराच वेळ तो मोटरकडे फिरकलासुद्धा नाही.

या धंद्यातलं सगळं शहाणपण इथे आहे. मोटर गेट दुरुस्त करत नाही. हाताने जड जाणारं गेट मोटरलाही जडच जातं. फरक इतकाच की माणूस कुरकुरतो आणि मोटर मुकाट्याने ओढत राहते, गिअर झिजेपर्यंत. जाड पाइपाची चौकट आणि वर पत्रा ठोकलेलं सोळा फुटी गेट तीनेकशे किलोंच्या घरात जातं. ते खालच्या दोन चाकांवर चालतं. चाकांच्या बेअरिंगमध्ये माती गेलेली असते. रूळ म्हणजे उलटा बसवलेला लोखंडी अँगल, तो ट्रॅक्टरच्या चाकाखाली कुठेतरी दबलेला असतो. या मळ्यावर तो दबलाच होता, गेटच्या मध्यावर, ट्रॉलीचं चाक रोज जातं तिथे. त्याने तो तुकडा कापला, खालचं सिमेंट फोडलं, सळईच्या आधारावर नवा तुकडा पातळीत बसवला. चाकं काढून बेअरिंग बदलली. मग पुन्हा हात लावला. गेट टोकापर्यंत निमूट गेलं. तेव्हा कुठे खोका खाली उतरला.

सरकत्या गेटची यंत्रणा दिसायला सोपी आहे. गेटच्या आतल्या बाजूला जमिनीवर सिमेंटचा छोटा ओटा, त्यात बोल्ट पुरून वर लोखंडी प्लेट, प्लेटवर मोटर. मोटरच्या कुशीतून एक दातेरी चाक बाहेर डोकावतं. गेटच्या खालच्या पट्टीवर दात्यांची लांब पट्टी बसते, तिला रॅक म्हणतात. चाक फिरलं की रॅक पुढे जातो, रॅकबरोबर गेट. वायरीसाठीचा पाइप ओटा भरायच्या आधी पुरायचा असतो. हे विसरलेले ओटे मी पाहिले. त्यांच्या अंगावरून वायर उघडीच गेलेली असते आणि उंदीर तिची वाट बघत असतात.

कौशल्य लागतं ते रॅक बसवताना. चाकाचे दाते आणि रॅकचे दाते यांच्यात दीड-दोन मिलिमीटरची फट हवी. फट नसली तर गेटचं वजन चाकांवरून सुटून मोटरच्या दातेरी चाकावर येतं आणि दाते झिजून जातात. जास्त झाली तर दाते घसरतात. या पठ्ठ्याने मोटरखाली चार कोपऱ्यांना एकेक वॉशर सारून ती तेवढीच उचलली, रॅक दात्यांवर टेकवून गेटला पक्का केला आणि शेवटी वॉशर काढून घेतले. मोटर खाली बसली, हवी ती फट आपसूक मिळाली. रॅक साधारण मीटरभराच्या तुकड्यांत येतो. दोन तुकड्यांच्या सांध्यावर दात्यांचं अंतर चुकलं तर प्रत्येक फेरीला गेट तिथे ‘खट्’ करतं. म्हणून त्याने तिसरा तुकडा उलटा धरून दोन्ही तुकड्यांच्या दात्यांत अडकवला, चिमट्याने आवळला, मग बोल्ट कसले. सांध्यावरून गेट गेलं तेव्हा मी कान देऊन होते. आवाज आला नाही.

मोटर चालू करण्याआधी त्याने रुळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी अडणी वेल्ड केल्या. मोटरला स्वतःचा लिमिट स्विच असतो. गेट टोकाला आलं की तो मोटर थांबवतो. पण स्विच कधीतरी दगा देणारच. त्या दिवशी अडणी नसेल तर गेट रुळावरून पुढे जातं आणि वरच्या मार्गदर्शक रोलरांतून सुटलं की आडवं पडतं. सरकतं गेट अंगावर पडून मूल किंवा पहारेकरी दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. त्यातल्या अनेक ठिकाणी उणीव असते ती या अडणीची, म्हणजे काही किलो लोखंडाची आणि तासाभराच्या वेल्डिंगची.

दोन पल्ल्यांचं उघडझाप गेट असेल तर तंत्र बदलतं. तिथे प्रत्येक पल्ल्याला दंडासारखी एक मोटर लागते, ती पल्ला ओढते आणि ढकलते. पल्ल्याच्या फेऱ्यात जमीन सपाट हवी, बिजागऱ्या आणि खांब दणकट हवेत. पत्रा ठोकलेला पल्ला वाऱ्यात शिडासारखा फुगतो, त्याचा सगळा ताण त्या दंडावर येतो. म्हणून मळ्यावर सरकतं गेट बरं, असं बहुतेक कारागीर सांगतात. जागा मात्र हवी: गेटच्या रुंदीइतकी भिंत किंवा कुंपण एका बाजूला सरळ मोकळं लागतं.

या यंत्रांचं माहेर इटलीत आहे. बोलोन्यात जुझेप्पे मानिनी यांनी 1965 मध्ये फाक ही कंपनी काढली, तीच मुळी गेट उघडणारी यंत्रं बनवण्यासाठी. पुढे त्यांच्या मुलाने, 2012 मध्ये मरताना, कंपनीतला आपला हिस्सा बोलोन्याच्या धर्मपीठाच्या नावे केला. गेटच्या मोटरी विकून चर्चचं कार्य चालतं, हे जुन्नरच्या त्या फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग देवाचं काम करतोय मी. रेट वाढवायला पाहिजे.”

काम थोडं, जागरण फार

मोटर कुठली घ्यायची हे मळ्यावरची वीज ठरवते. शेतीपंपांच्या फीडरला थ्री फेज आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा कधी रात्री, काही तासच मिळते. ती जोडणी पंपासाठी असते, गेटची वायर तिला टोचू नये. घराची सिंगल फेज वेगळी. पण वस्ती लाइनच्या शेवटाला असेल तर संध्याकाळी, सगळ्यांचे दिवे लागल्यावर, 230 व्होल्टच्या जागी 180 च येतात. 230 वर चालणाऱ्या साध्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. 180 ला तो साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. सकाळी सुरळीत चालणारं गेट दिवेलागणीला अर्ध्यात का थांबतं, याचं उत्तर बऱ्याचदा इतकं सरळ असतं. लोक मोटरला नावं ठेवतात, कारागिराला फोन करतात. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, तेव्हा गेट झक्क चालतं.

यावर तोडगा 24 व्होल्टच्या मोटरचा. ती बॅटरीवर चालते, बॅटरी विजेने नाहीतर सौरपॅनेलने भरते. लाइट गेली तरी गेट चालू. सौर म्हटलं की लोक विचारतात, एवढं जड गेट इतक्याशा पॅनेलवर ओढेल का? ओढतं. हिशेब करून बघा. 120 वॉटची मोटर एका फेरीत 25 सेकंद चालली, तर एक वॉट-तासही खर्च होत नाही. दिवसाला वीस फेऱ्या धरल्या तरी सतरा वॉट-तासांच्या आतच. पण कंट्रोल बोर्ड, रिमोटचा रिसीव्हर आणि सेन्सर दिवसरात्र जागे असतात. ते मिळून चारच वॉट खात असतील, तरी चोवीस तासांत शंभराच्या जवळ वॉट-तास होतात. गेट हलायला जितकी वीज लागते त्याच्या पाचसहा पट नुसतं वाट बघायला लागते. म्हणून सौरगेटसाठी पॅनेल मोठं घेण्याआधी कमी वीज खाणारा बोर्ड बघावा. श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा हाच फरक कामी येतो.

बोर्डाचा आणखी एक शत्रू म्हणजे पाल. पेटी कोरडी असते, उबदार असते, दिव्याजवळ किडे येतात. पाल आत शिरते, दोन टोकांवर पाय पडतो, बोर्ड जातो आणि पालही. मुंग्या तर घरच करतात. वायर जिथून आत जाते ती भोकं रबराने आणि सिलिकॉनने बुजवणं हा त्यावरचा उपाय. एका मळ्यावर पेटीत डांबरगोळी टाकलेली दिसली. मालकांच्या मते तिचाही गुण येतो.

ट्रॉलीच्या मधून गेलेला किरण

गेट बंद होताना मध्ये कुणी आलं तर ते थांबावं, यासाठी दोन खांबांवर समोरासमोर फोटोसेल बसवतात. एकीकडून न दिसणारा किरण निघतो, दुसरीकडे पोचतो. तो तुटला की गेट उलटं फिरतं. बंगल्याच्या गेटला गुडघ्याच्या जरा वर एक जोडी पुरते, तिथे मोटार येते. मळ्यावर ट्रॅक्टर येतो, मागे ट्रॉली. ट्रॅक्टरचं मागचं चाक पुढे गेलं की किरण मोकळा होतो. ट्रॉलीचं चाक यायला अजून अवकाश असतो. मधल्या जागेत फक्त जोडणीचा दांडा असतो, किरण त्याच्यावरून नाहीतर खालून आरपार जातो. यंत्राला वाटतं गाडी गेली. ते गेट लावायला घेतं आणि थेट ट्रॉलीच्या कडेवर आणतं. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या ट्रॉलीला गेट लागलेलं पाहिल्यावर मालकाने काय काय म्हटलं असेल, ते इथे छापता येणार नाही.

उपाय साधे आहेत. फोटोसेलच्या दोन जोड्या, वेगवेगळ्या उंचीवर. नाहीतर गेट आपोआप लागण्याची सोयच बंद करून टाकायची आणि दर वेळी बटणानेच लावायचं. मळ्यावर मी दुसऱ्या उपायाच्या बाजूची. तोडीच्या दिवसांत एकामागून एक वाहनं येतात, बैलगाडीचा बैल मध्येच अडून उभा राहतो, शेळ्यांची रांग संपता संपत नाही. तेव्हा गेटने स्वतःची अक्कल वापरू नये हेच बरं.

जोराचंही बघावं लागतं. गेटने माणसाला किती जोरात ढकलावं याला युरोपात बंधन आहे. चिरडण्याचा धोका असलेल्या जागी 400 न्यूटन, म्हणजे साधारण चाळीस किलोंचा भार, याच्या पलीकडे जाऊ नये, असं तिथलं मानक सांगतं. आपल्याकडे बोर्डावरचा जोराचा स्क्रू सहसा पूर्ण पिळलेला आढळतो, कारण जड गेट तसंच चालतं. हलकं गेट, कमी जोर. पुन्हा गाडी रुळाशी आणि बेअरिंगशी येते.

मिस्ड कॉल, रिमोट आणि अँटेना

रिमोट चौघांकडे असतात आणि दारात पाचवा उभा असतो. दूधवाला, खताची गाडी, व्यापाऱ्याचा माणूस. त्यासाठी गेटला सिमकार्ड बसवतात. आधी भरून ठेवलेल्या नंबरांवरून कॉल आला की गेट तो उचलतच नाही, कापतं आणि उघडतं. मिस्ड कॉलवर अख्खा व्यवहार चालवणाऱ्या देशात ही युक्ती कुणाला शिकवावी लागत नाही. स्वस्त यंत्र टूजीवर चालतं, त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं टूजी जाळंच नाही. आणि त्या सिमलाही रिचार्ज लागतो. घरातल्या सगळ्यांचे रिचार्ज लक्षात राहतात, गेटचा विसरतो.

रिमोट घेताना तो दर वेळी कोड बदलणारा आहे ना, एवढं विचारून घ्यावं. एकाच कोडचा रिमोट बाजारात किल्ली बनवावी तसा कॉपी करून मिळतो.

खोडदच्या शिवारात या रिमोटला एक थोर शेजार आहे. तिथे जीएमआरटी म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन फाट्यांवर दूर दूर, लोकांच्या मळ्यांच्या बांधाला लागून. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात, आणि 250 ते 500 मेगाहर्ट्झ हा त्यांच्या ऐकण्याच्या पट्ट्यांपैकी एक. आपले बाजारातले बहुतेक गेट रिमोट 433 मेगाहर्ट्झवर बोलतात, म्हणजे त्याच पट्ट्यात. रिमोट क्षणभर आणि अगदी हळू बोलतो हे खरं. पण या दुर्बिणीच्या आसपास रेडिओचा गोंगाट होऊ नये म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गसुद्धा बदलायची वेळ आली. अँटेनेच्या शेजारच्या मळेकऱ्याने गेट घेताना हा विषय फॅब्रिकेशनवाल्याकडे काढला, तर तो आधी हसेल. तरी काढावा. भिंतीवरचं तारेचं बटण आणि आकड्यांचं कुलूप हा पर्याय तिथे जास्त शोभतो.

वाट कुणाची?

मोटर लागली की गेट पक्कं होतं आणि भाऊबंदकी जागी होते. मळ्याची वाट पुष्कळदा एकट्याची नसते. मागच्या गटातला चुलतभाऊ तिथूनच बैल नेत आला आहे, त्याचा बाप नेत होता. झोपा होता तोवर तो उचलून जायचा. कुलूप आलं तेव्हा एक किल्ली त्याला मिळाली. आता रिमोट. एक रिमोट दिला, त्याला दोन हवे आहेत. त्याचा सालकरी वेगळ्या वेळी येतो. एका ठिकाणी गेटची मोटर नवी कोरी होती आणि गेट साखळीने खांबाला उघडंच बांधून ठेवलं होतं. तहसीलदारांकडे अर्ज पडला आहे, निकाल लागेपर्यंत ते तसंच राहणार.

कायदा याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली शेताच्या वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात; अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 बांधावरून रस्ता देण्याबद्दल आहे. शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात त्यांची नोंद व्हावी, असा निर्णय सरकारने 2025 मध्ये घेतला. अडथळा हाताने उघडतो की मोटरने, याने फरक पडत नाही. वाट सामाईक असेल तर गेट सोळा फुटांचं ठेवा, शेजाऱ्याचा नंबर मिस्ड कॉलच्या यादीत घाला आणि हे सगळं मोटर मागवण्याआधी त्याच्याशी बोलून ठरवा. मोटर आज साधारण वीस-चाळीस हजारांत येते. वकील त्याहून महाग पडतो.

किल्ली कुठे आहे?

प्रत्येक मोटरला एक छोटी किल्ली येते. ती फिरवून खटका ओढला की मोटरची पकड सुटते आणि गेट हाताने सरकतं. वीज, बॅटरी, बोर्ड, सिम सगळं एकदम गेलं तरी या किल्लीने बाहेर पडता येतं. मी पाहिलेल्या मळ्यांवर ती कुठे कुठे होती? कपाटातल्या लॉकरमध्ये. पुण्याला असलेल्या मुलाच्या गाडीत. वॉरंटी कार्डाबरोबर पिशवीत, पिशवी माळ्यावर. एका आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मोटरीला किल्ली असतीय व्हय?” त्या दिवसभर मळ्यावर एकट्या असतात.

रात्री साप चावला, दवाखान्यात न्यायचंय, गाडी सुरू आहे आणि गेट हलत नाही, ही वेळ कुणावर आली तर मोटरची किंमत कुणी विचारणार नाही. तुमच्या मळ्यावर असं गेट असेल तर या दिवाळीत एवढं करा. मेन स्विच बंद करा, बॅटरीची वायर काढा आणि घरातल्या प्रत्येकाकडून, आजी आणि सालकऱ्यासकट, त्या किल्लीने गेट एकदा उघडून घ्या. मग ती किल्ली गेटजवळच्या खांबाला आतल्या बाजूने, सगळ्यांचा हात पोचेल अशी टांगा. दुसरी घरात दाराशेजारच्या खिळ्याला.